तापलेलं चाक आणि थंड चाक : एका सहाचाकी ट्रकच्या मागच्या ब्रेकचं प्रकरण

२ सप्टेंबर २०२४, पहाटेचे तीन. कांद्याची भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरलो आणि लतीफवाडीच्या पुढे डाव्या बाजूला थांबलो. शेवटच्या दोन वळणांवर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं होतं आणि गाडी आवरायला वेळ लागला होता. मागच्या उजव्या चाकातून जळक्या लायनरचा, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांचा, वास येत होता. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू नेली तर वीतभर अंतरावरच चटका बसला. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन धावला, त्याला तिथेच थांबवलं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ड्रमला तडा जातो. पार्किंग ब्रेकही लावला नाही. तापलेल्या ड्रमवर लायनर दाबून धरलं तर उष्णता तिथेच कोंडते. चारही बाजूंना ठोकळे लावून, पहिला गिअर टाकून दीड तास बसून राहिलो.

उजवं चाक तापलंय, म्हणजे उजव्या ब्रेकमध्ये दोष आहे, हे त्या रात्री मला दिवसाउजेडाइतकं स्पष्ट वाटलं. शेजारी थांबलेल्या दोन्ही ड्रायव्हरांचंही तेच मत पडलं. उजवा ब्रेक धरून राहतोय, ढिला करा, बेअरिंग बघा. आमची तिघांचीही चूक होती. उजवा ब्रेक निरोगी होता, आणि दोष ज्या डाव्या चाकात होता ते चाक त्या वेळी गारच होतं. त्यावर तळवा ठेवता येत होता. मी ठेवलाही, आणि 'डावं ठीक आहे' म्हणून पुढे गेलो.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण एका गाडीवर घर चालवणारे माझ्यासारखे बरेच जण सर्व्हिसिंगचं निम्मं काम स्वतःच करतात. ते काम कुठे निसटतं हे मला या एका ब्रेकनं दाखवलं.

गाडी आणि रस्ता

गाडी २०१८ ची, दोन ॲक्सलची, मी २०२१ मध्ये जुनी घेतलेली. घटनेच्या वेळी किलोमीटर साडेतीन लाखांच्या आसपास. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावहून कांदा भरायचा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला उतरवायचा, येताना भिवंडीहून मिळेल तो माल. आठवड्याला तीन फेऱ्या. एक फेरी मी मारतो, दोन ड्रायव्हर मारतो. ऑइल, फिल्टर, ग्रीस, टायरची हवा, पट्टे, बॅटरीचं पाणी ही कामं मी आणि क्लीनर मिळून घरीच करतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक उघडायचं काम गावातल्या वस्तादांकडे.

रस्त्याचं गणितही सांगायला हवं, कारण सपाटीवर चालणाऱ्या गाडीत हा दोष कदाचित वर्षभर दबून राहिला असता. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. रेल्वेला तिथे ३७ ला १ असा चढ चढावा लागतो आणि मागून जादा इंजिनं लावावी लागतात. १८ टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा साधारण पाच कोटी तीस लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दीड लिटर डिझेल जाळल्यावर जेवढी उष्णता निघते, तेवढी ही. थोडी वाऱ्यात जाते, बरीचशी खालच्या गिअरमधलं इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक) खातात. उरलेली सगळी चार ड्रमांमध्ये जाते, मागच्या जोडचाकांना मिळून एकच ड्रम असतो. मागच्या ॲक्सलवर वजन सर्वात जास्त, कायद्यानं ११.५ टनांपर्यंत, म्हणून ब्रेकचा वाटाही तिथेच मोठा. त्यातला एक ब्रेक नुसताच हजेरी लावत असेल, तर त्याची उष्णता शेजारच्याच्या अंगावर जाते. त्या रात्री उजव्या चाकातून आलेला वास डाव्या चाकाच्या न केलेल्या कामाचा होता.

वहीतल्या तीन ओळी

माझ्याकडे गाडीची वही आहे. डिझेल, टोल, हमाली, दुरुस्ती, सगळं तारखेनं लिहिलेलं. दोन दिवसांनी रिकामी गाडी घेऊन वस्तादांकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी विचारलं, "भाऊ, मागचा ब्रेक शेवटचा सेट कधी केला?" वही उघडली.

१२ जुलै : मागचा डावा ब्रेक सेट, २०० रुपये, घोटी.
३ ऑगस्ट : मागचा डावा ब्रेक सेट, २०० रुपये, शहापूर.
२१ ऑगस्ट : मागचा डावा ब्रेक सेट, २५० रुपये, भिवंडी.

तीन गावं, तीन वेगळे ब्रेकवाले, तीन वेळा एकच चाक. दोनदा ड्रायव्हरनं करून घेतलं होतं, एकदा मी. तिन्ही वेळा पेडल पुन्हा वर आलं, गाडी चांगली थांबायला लागली आणि आम्ही विषय सोडला. मधलं अंतर आधी बावीस दिवस, मग अठरा. ओळी एकाखाली एक वाचल्या की सगळं दिसतं, पण वही मी हिशेबासाठी लिहीत होतो. खर्चाची बेरीज दर महिन्याला करायचो. एकच काम पुन्हा पुन्हा का निघतंय, हे त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

वस्ताद वही ठेवून गाडीखाली गेले आणि तिथूनच म्हणाले, "हा ऑटोमॅटिक आहे. हा हातानं सेट करायचाच नसतो."

हे नीट समजून घ्यायला हवं. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबलं की हवा चेंबरमध्ये जाते, चेंबरचा दांडा बाहेर येतो, दांडा स्लॅक ॲडजस्टर नावाच्या हाताला ढकलतो. तो हात एस कॅमचा शाफ्ट फिरवतो आणि कॅम लायनर लावलेले दोन्ही शूज फाकवून ते ड्रमला दाबतो. लायनर झिजलं की मधली फट वाढते आणि दांड्याला जास्त लांब यावं लागतं. जुन्या गाड्यांत ही फट दर काही दिवसांनी पान्यानं कमी करावी लागे. 'ब्रेक सेट करणं' हा शब्द आला तो तिथून. ऑटोमॅटिक ॲडजस्टर हेच काम स्वतः करतो. दर ब्रेकला दांडा किती बाहेर आला ते तो आतल्या यंत्रणेनं ओळखतो आणि जादा फट थोडीथोडी भरून काढतो.

मग ऑटोमॅटिक असूनही फट वाढत असेल तर अर्थ दोनच. ॲडजस्टर तरी बिघडलाय, किंवा बुश (ज्या कडीत कॅमचा शाफ्ट फिरतो ती), पिन, शूज, ब्रॅकेट यांपैकी काहीतरी झिजलंय किंवा अडकलंय. दोन्ही वेळा ॲडजस्टरवरच्या षटकोनाला पाना लावून घट्ट केलं की दांडा तेवढ्यापुरता आखूड होतो. पेडल वर येतं आणि मूळ रोग झाकला जातो. उलट फिरवताना आतून कडकड आवाज येतो तो आतल्या क्लचच्या दातांचा असतो. वारंवार तसं केलं की धडधाकट ॲडजस्टरही निकामी होतो. म्हणजे आम्ही तीन वेळा पैसे देऊन रोगही झाकला आणि यंत्रणाही खराब केली.

ही चूक आपल्याच हायवेवर होते असं नाही. ११ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यातल्या ग्लेन रॉक इथे एक ओव्हरलोड डम्पर उतारावर थांबू शकला नाही आणि चार मोटारींवर गेला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं अपघाताचा तपास केला. मेकॅनिकांनी ब्रेकचा मूळ दोष ओळखला नाही आणि ऑटोमॅटिक ॲडजस्टर हातानं सेट करण्यातला धोका लोकांना पुरेसा माहीत नाही, हे दोन्ही मुद्दे त्या अहवालात आहेत. मी ते नंतर वाचलं. वाचताना माझ्याच वहीतल्या तीन ओळी डोळ्यांपुढे येत होत्या.

खडूची रेघ

वस्तादांनी चाक उघडायच्या आधी जे माप घेतलं, त्याला खडू आणि पट्टी एवढंच लागतं. त्यानंतर ते मी दर पंधरा दिवसांनी घेतोय. गाडी सपाट जागेवर लावायची, पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. हवा पूर्ण भरून इंजिन बंद, चावी खिशात. पार्किंग ब्रेक सोडलेला हवा, कारण तो लावलेला असला की आतल्या स्प्रिंगनं दांडा आधीच बाहेर आलेला असतो आणि माप खोटं येतं. पार्किंग सुटलेली असते म्हणूनच ठोकळ्यांवर कधीही तडजोड नाही. चेंबरच्या तोंडाशी दांड्यावर खडूची रेघ मारायची. डॅशबोर्डवरचा काटा साडेसहा बारच्या आसपास असताना वरच्या माणसानं पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि खालच्यानं रेघ किती पुढे गेली ते पट्टीनं मोजायचं.

माझ्या मागच्या चेंबरवर ३० हा आकडा आहे. ३० म्हणजे ३० चौरस इंच कामाचं क्षेत्र. १०० पीएसआय हवेला असा चेंबर ३,००० पौंड, म्हणजे साडेतेराशे किलोंच्या आसपास जोरानं ढकलतो. पण दांडा जोवर मधल्या पट्ट्यात आहे तोवरच. या मापाच्या साध्या चेंबरचा दांडा जास्तीत जास्त अडीच इंच, ६४ मिलिमीटर येतो, आणि शेवटच्या टप्प्यात जोर झपाट्यानं पडतो. अमेरिकेतल्या तपासणीत त्याची हद्द २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर धरतात.

माझं माप आलं : उजवा ३६, डावा ५७.

वस्तादांच्या अंगणात उभी असताना, ड्रम थंड असताना, डावा ब्रेक अजून लागत होता. घाटात ड्रम तापतो, तापला की फुगतो, फुगला की लायनरपासून दूर जातो आणि दांड्याला आणखी लांब यावं लागतं. ५७ वर असलेल्या दांड्याला पुढे जायला जागाच उरली नव्हती. तळाला टेकल्यावर चेंबरमध्ये हवा कितीही भरा, तिचा जोर ड्रमपर्यंत पोचत नाही. म्हणून गावात, भिवंडीच्या सपाट रस्त्यावर, अगदी अंगणातही हा ब्रेक लागतोय असंच वाटायचं. पाच महिन्यांपूर्वी गाडीचं पासिंग झालं तेव्हा तर तो खरोखरच ठणठणीत असणार. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो आणि त्यानंतर दर वर्षी करावा लागतो. त्या दोन वर्षांत ब्रेकवर नजर ठेवायची ती मालकानंच.

आणखी एक खूण हातातून गेली होती. ऑगस्टमध्ये ड्रायव्हर म्हणाला होता, "दादा, ब्रेक मारला की गाडी जराशी उजवीकडं ओढते." मी पुढच्या दोन्ही टायरांची हवा तपासली, डाव्यात पाच पीएसआय कमी निघाली, भरली आणि कारण सापडलं असं समजलो. एबीएसचा दिवा शेवटपर्यंत गप्प होता, आणि तो गप्पच असणार. तो चाक लॉक होतंय का ते पाहतो. जो ब्रेक पुरता लागतच नाही, त्याचं चाक लॉक होण्याचा प्रश्न येत नाही.

उघडल्यावर

ॲक्सल जॅकवर उचलला, खाली दोन घोड्या (लोखंडी टेकू) लावल्या आणि मगच चाकं काढली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली वस्ताद हातसुद्धा घालत नाहीत, मलाही घालू देत नाहीत. ड्रम निघायच्या आधीच त्यांनी एस कॅमचा शाफ्ट हातानं वर-खाली हलवून दाखवला. तो डोळ्यांना दिसेल इतका हलत होता. शाफ्ट बाहेर आला तेव्हा आतलं बुश अंडाकृती झालेलं, पूर्ण कोरडं, आणि त्यातून विटकरी रंगाची गंजाची पूड गळत होती. कॅम फिरायच्या आधी शाफ्ट बुशातल्या मोकळ्या जागेत उचलला जायचा. दांड्याची निम्मी धाव तिथेच वाया जात होती.

पण त्या बुशाच्या बाहेर, ग्रीस भरायच्या निप्पलभोवती, ताज्या पिवळ्या ग्रीसचा छान गोळा होता.

इथे मी बराच वेळ थांबलो. ग्रीस तर आम्ही दर दोन आठवड्यांनी मारत होतो, वहीत 'ग्रीसिंग' लिहिलेलं होतं, डबा संपत होता. वस्तादांनी निप्पल पान्यानं सोडवून तळव्यावर ठेवलं. आत सुकलेला चिखल आणि जुनं ग्रीस मिळून खडा झालेला, तोंडातली बारीक गोळी जागच्या जागी गच्च बसलेली. पावसाळ्यात शेतापर्यंत, कांदा चाळींपर्यंत गाडी जाते. काळ्या मातीचा तो चिखल निप्पलच्या तोंडावर बसतो. क्लीनर न पुसता त्यावरच गन लावायचा, दाब द्यायचा, ग्रीस आत न जाता बाजूनं बाहेर यायचं, आणि बाहेरचा गोळा बघून तो 'झालं' म्हणायचा. मी वाकून पाहायचो, मलाही गोळा दिसायचा. पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. ग्रीस आत गेलं हे कशावरून ओळखायचं, ते मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

ओळखायचं ते दुसऱ्या टोकावरून. गन मारताना जुनं काळं ग्रीस पलीकडून बाहेर यायला हवं, आणि त्यामागून नवं दिसेपर्यंत मारायचं. एस कॅमच्या बाबतीत ते ॲडजस्टरच्या बाजूला बाहेर येतं. कॅमच्या डोक्याकडचं सील मुद्दाम असं बसवतात की ग्रीस लायनरवर जाऊ नये. तिकडून ग्रीस येताना दिसलं तर सील गेलं आहे, आणि ग्रीस लागलेलं लायनर धुऊन परत वापरायचं नसतं. ॲडजस्टरला स्वतःचं वेगळं निप्पल असतं. आमच्या गाडीत तेही विसरलं जात होतं, कारण ते वरच्या बाजूला आहे आणि खड्ड्यात उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

उजवीकडचं दृश्य वेगळं. बुश घट्ट, ग्रीस ओलं, ॲडजस्टर नीट. पण लायनर काचेसारखं चकाकत होतं आणि ड्रमवर निळसर डाग, त्यात केसासारख्या बारीक भेगा. दोन ब्रेकांचं काम एकट्यानं ओढल्याचा तो पुरावा. व्यास ड्रमवर कोरलेल्या कमाल मापाच्या आत होता, तरी भेगांमुळे वस्ताद तो परत बसवायला तयार नव्हते. मी डावा जुनाच ठेवू का विचारलं. ते म्हणाले, एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला ड्रम बसवला तर दोन्हीकडची पकड सारखी राहत नाही, आणि पुन्हा ओढाताण सुरू. ड्रम, लायनर, ॲडजस्टर, तिन्ही जोडीनं बदलले.

हवेच्या टाकीतलं पाणी

तपासात एक फाटा निघाला, त्याबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसरनंतरच्या पहिल्या टाकीचा ड्रेन ओढला तर कपभर दुधाळ पाणी निघालं. काही क्षण वाटलं, कारण हेच. पेडल खोल जाण्याचा आणि याचा संबंध निघाला नाही. हवा दोन्ही घड्याळांत पूर्ण भरत होती, आणि इंजिन बंद करून पेडल दाबून धरलं तर मिनिटभरात काटा जेमतेम हलत होता. अमेरिकेतल्या ट्रक लायसन्सच्या परीक्षेत एकसंध गाडीला या चाचणीत मिनिटाला ३ पीएसआय, म्हणजे ०.२ बार, एवढीच घट चालते. आम्ही त्याच्या आत होतो.

तरी ते पाणी सोडून देण्यासारखं नव्हतं. एअर ड्रायरच्या डब्यात ओलावा शोषणारे दाणे असतात. ते संपले की पाणी टाक्यांत, तिथून व्हॉल्व्हांत जातं. पाणी दुधाळ म्हणजे कॉम्प्रेसरमधून थोडं ऑइलही येतंय. ड्रायरचा डबा बदलला. त्यानंतर महिनाभर रोज ड्रेन ओढून पाहिला, आता सुकी हवाच निघते. पुन्हा दुधाळ पाणी दिसलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा बघायच्या, हे वहीत लिहून ठेवलंय.

खर्च

बुश आणि सील १,६००. दोन ॲडजस्टर ६,०००. लायनर ४,२००. दोन ड्रम १३,०००. ड्रायरचा डबा २,७००. मजुरी ३,५००. एकूण ३१,००० रुपये, शिवाय दोन फेऱ्या बुडाल्या. बुश पहिल्या बावीस दिवसांत सापडलं असतं, तर ड्रम नक्की वाचले असते आणि बहुधा उजवं लायनरही. 'सेट' करण्यावर गेलेले ६५० रुपये मी यात धरलेले नाहीत.

नवीन लायनर बसल्यावर वस्तादांनी भरलेली गाडी लगेच घाटात न्यायला मनाई केली. नव्या लायनरचा पूर्ण पृष्ठभाग ड्रमला टेकायला वेळ लागतो, तोवर ब्रेकची ताकद कमीच असते. पहिल्या दोन दिवशी नाशिक-सिन्नर असा हलका माल मारला. चाकं काढली होती म्हणून १०० किलोमीटरनंतर सगळे व्हील नट पुन्हा आवळले. डावीकडचे दोन नट पाव-पाव फेरा आत गेले.

तेव्हापासून बदललेलं

सगळं सर्व्हिसिंगचं वेळापत्रक इथे मांडत नाही. ऑइल, फिल्टर, कूलंट यांचे किलोमीटर प्रत्येक गाडीच्या पुस्तकात असतात आणि तेच पाळावेत. या प्रकरणामुळे आमच्याकडे जे बदललं तेवढंच सांगतो.

ग्रीसची पद्धत बदलली. आधी चिंधीनं निप्पल पुसायचं, मग गन लावायची, पलीकडून जुनं ग्रीस बाहेर आलं की थांबायचं. येत नसेल तर निप्पल काढून बघायचं. नवं निप्पल चहाच्या किमतीत मिळतं, डझनभर डब्यात ठेवलीत. गाडीवरची सगळी निप्पलं मोजली आणि प्रत्येकाला पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. आम्ही इतकी वर्षं चार निप्पलं विसरत होतो. त्यातली दोन ॲडजस्टरची, एक प्रोपेलर शाफ्टच्या मधल्या क्रॉसचं, एक पाट्याच्या शॅकलचं. आता क्लीनर 'ग्रीस मारलं' असं सांगत नाही, 'अमुक इतक्यांतून बाहेर आलं, दोनांतून नाही आलं' असं सांगतो. मला हेच ऐकायला आवडतं.

घाटाच्या आधी घाटनदेवीला आम्ही पूर्वीही थांबायचो, नमस्कार करायला. आता नमस्कार झाला की गाडीभोवती एक फेरी होते. टायरवर टॉमीची (लोखंडी दांड्याची) थाप, जोडटायरांत अडकलेला दगड, हवेचा काटा, पाट्यांकडे नजर. मग उतारासाठी लागणारा गिअर वरच टाकायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा. पेडल सतत दाबून न धरता वेग वाढला की ठाम दाबायचं, वेग कमी झाला की पूर्ण सोडायचं, म्हणजे ड्रमला मधे गार व्हायला फुरसत मिळते. न्यूट्रलवर उतरवून डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हराच्या हाती मी गाडी देत नाही.

घाट उतरल्यावर लतीफवाडीला पुन्हा थांबायचं आणि चारही ड्रमांचं तापमान बघायचं. आधी हातानं बघायचो, आता बाराशे रुपयांची तापमान मोजायची गन घेतलीय. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या भरलेल्या फेरीला मागचे दोन आकडे आले १४८ आणि १५५ अंश. किती तापलं याला मी फारसं महत्त्व देत नाही, ते पाऊस, वजन, गर्दी यांवर बदलतं. डावं आणि उजवं यांच्यात फरक किती, ते पाहायचं. आणि फरक पडला तर आधी थंड चाकाकडे जायचं. अर्थात नेहमीच थंड चाक दोषी असं नाही. ब्रेक न मारता, सपाट रस्त्यावर चालवूनही एकच चाक तापलं तर तिथे शूज चिकटलेत किंवा बेअरिंग बिघडलंय. हा फरक करायचा तर सपाटीवरही एकदा माप घ्यावं लागतं. आम्ही ते आसनगावच्या पुढे घेतो.

मालकानं कुठे हात घालू नये, तेही सांगतो. मागच्या चेंबरच्या पाठीमागचा जो डबा असतो, त्यात पार्किंगची दाबलेली स्प्रिंग आहे. तो क्लॅम्प खोलला आणि स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. ती आधी बोल्टनं बांधून मगच काढतात, आणि ते काम माहीतगारानंच करायचं. आमच्याकडे त्या डब्यावर लाल पट्टा मारलाय, क्लीनरला त्याचा अर्थ माहीत आहे.

रस्त्यात ब्रेक सैल वाटला तर ड्रायव्हरनं काय करायचं, तेही ठरलंय. कोणालाही षटकोनाला पाना लावू द्यायचा नाही. जागेवर थांबायचं, मला फोन करायचा, खडूची रेघ मारून चार आकडे सांगायचे. घाट मधे असेल तर गाडी पुढे हलणार नाही, माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला तरी चालेल. नोव्हेंबरमध्ये त्यानं एकदा असा फोन केला. आकडे चांगले होते, पेडलखाली पाण्याची बाटली अडकली होती. फोन केला हे बरंच केलं, असं त्याला सांगितलं, आणि त्या फेरीपासून केबिनमधल्या बाटल्या सीटमागच्या जाळीत जातात.

वहीत आता उजव्या पानावर खर्च आणि डाव्या पानावर मापं असतात. डिसेंबरच्या शेवटच्या नोंदीत मागचा डावा ३७, उजवा ३६. पुढच्या ॲक्सलवर डावा तीन मापांत ३१, ३३, ३६ असा चढत आलाय, उजवा ३१ वरच आहे. पुढचे चेंबर लहान मापाचे, त्यांची हद्दही कमी. येत्या रविवारी ते चाक उघडायचं ठरलंय. निप्पल आधी काढून बघणार.